गोळीला म्हणे ‘सुट्टी’ द्यायची!

चवथीच्या आधी गोव्यात साखळीच्या बाजारात माटोळीचं, म्हणजे गणपतीच्या वर टांगायच्या फळाफुलांच्या चौकटीचं सामान बघत होते. एका हातात कांगलांचा, त्या रानफळांचा घोस, दुसऱ्या हातात फोन. भाचीचा मेसेज: “मावशी, हे खरं का गं? मग मी हे पाकीट संपलं की दोन महिने थांबते.” खाली एक लांबलचक फॉरवर्ड, ‘महिलांनो सावधान, गर्भनिरोधक गोळ्यांबद्दल डॉक्टर हे सांगत नाहीत!’ हाच मजकूर आमच्या महिला मंडळाच्या ग्रुपवर येऊन गेला होता, तेव्हा मी दुर्लक्ष केलं. आता तो घरात शिरलाय.

त्यातला सगळ्यात घातक मुद्दा हाच: ‘गोळ्या शरीरात साठतात, म्हणून दर सहा महिन्यांनी दोन महिने सुट्टी द्या.’ अहो, साठत असत्या तर रोज घ्यायला कशाला लागल्या असत्या? गोळीतली हार्मोन्स थोड्या दिवसांत शरीराबाहेर पडतात, म्हणून तर दोन-तीन गोळ्या चुकल्या की भरवसा राहत नाही. सुट्टीत दुसरं साधन वापरा, हे त्या पोस्टमध्ये कुठेच नाही. मग दिवस गेले की जबाबदार कोण, फॉरवर्ड करणारी काकू?

आणि गंमत पुढे आहे. हीच पोस्ट रक्ताच्या गुठळ्यांची भीती घालते. गुठळीचा धोका सगळ्यात जास्त असतो तो गोळी सुरू केल्यावर, पहिल्या वर्षात. चार आठवडे किंवा त्याहून जास्त खंड पाडून पुन्हा सुरू केली, की तो पुन्हा वर जातो. म्हणजे ज्याला भ्यायचं, तेच या सुट्टीने ओढवून घ्यायचं.

गुठळ्यांचा मुद्दा मात्र खोटा नाही, हे नाइलाजाने कबूल करते. युरोपच्या औषध नियामक संस्थेने 2013 मध्ये सगळं तपासून आकडे दिले: गोळी न घेणाऱ्या आणि गरोदर नसलेल्या 10,000 बायकांत वर्षाला साधारण 2 जणींना गुठळी होते, लेव्होनॉरजेस्ट्रेल हे हार्मोन असलेली गोळी घेणाऱ्यांत 5 ते 7 जणींना. आपली माला-डी, माला-एन यातलीच. गरोदरपणात आणि बाळंतपणानंतर हा धोका याहून जास्त असतो, ते कोणी फॉरवर्ड करत नाही. पायाची पोटरी एकाएकी सुजून दुखली, छातीत दुखलं, दम लागला, तर मात्र घरी बसायचं नाही.

पोस्टचा पुढचा शोध: ‘पाकिटातल्या शेवटच्या सात तपकिरी गोळ्यांत सवय लावणारं रसायन असतं, त्या फेका.’ भाचीला पाकीट उलटं करून वाचायला लावलं. लोह! पाळीच्या दिवसांतलं लोह भरून निघावं आणि रोजची सवय मोडू नये, एवढ्यासाठी त्या असतात. त्या फेकल्या म्हणून बिघडत नाही, पण मग दिवस मोजायचे राहतात आणि नवं पाकीट उशिरा सुरू होतं. गोळी फसते ती बहुधा तिथेच.

वांझपण येतं? नाही. कर्करोग? स्तनाच्या कर्करोगाचा धोका किंचित वाढतो, खरं आहे. अंडाशयाचा आणि गर्भाशयाच्या अस्तराचा कमी होतो, हेही खरं, पण पोस्टला अर्धंच ठाऊक. एक गोळी विसरली तर पाकीट फेकायचं? मुळीच नाही. आठवेल तेव्हा घ्यायची, त्या दिवशी दोन झाल्या तरी चालतात. लागोपाठ दोन किंवा जास्त चुकल्या तर गोळ्या चालू ठेवून सात दिवस निरोधही वापरायचा.

खरी सावधगिरी कुठे हवी, ते पोस्टमध्ये नाहीच. रक्तदाब जास्त असेल, पस्तिशीनंतर सिगारेट ओढत असाल, अर्धशिशीच्या आधी डोळ्यांपुढे चमकत्या नागमोडी रेषा येत असतील, पूर्वी गुठळी झाली असेल, बाळंत होऊन सहा आठवडे झाले नसतील आणि अंगावर पाजत असाल, तर ही गोळी आपली नव्हे. टीबीची रिफाम्पिसिन किंवा फिटची काही औषधं चालू असतील तर ती गोळीचा परिणाम कमी करतात, तेही डॉक्टरला सांगायचं.

भाचीला विचारलं, “तुझं बीपी शेवटचं कधी मोजलं?” बाळंतपणात, म्हणे. पोरगा आता दीड वर्षाचा. फार्मसीवाल्याने काही न विचारता पाकीट कागदात गुंडाळून दिलं होतं. तपकिरी गोळ्या अजून चार उरल्यात. त्या संपायच्या आत आरोग्य केंद्रात जाऊन बीपी मोजून ये, म्हटलं, चवथीची गर्दी असली तरी.