शंभर माणसांची खोली

२०२५च्या जानेवारीत नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर कोल्डप्लेचे तीन कार्यक्रम झाले. त्याच महिन्याच्या अखेरीस पंतप्रधानांनी भुवनेश्वरच्या भाषणात ‘कॉन्सर्ट इकॉनॉमी’चं नाव घेतलं आणि तेव्हापासून आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर एक वाद धुमसतो आहे. काहींच्या मते नवी मुंबई आता लंडनच्या पंगतीला बसली. काहींना फक्त ३५ हजारांचं तिकीट आणि त्याचा काळाबाजार आठवतो. दुसरा वाद दर भाद्रपदात नेमाने येतो: डीजे हवा की नको, दहाचे बारा करायचे का, आणि नियम नेमके आमच्याच सणाला का. मी लीड्समध्ये बसून दोन्ही वाचतो. एकीकडे पन्नास हजारांच्या घरातलं स्टेडियम, दुसरीकडे रस्ता अडवून उभी केलेली स्पीकरची भिंत. शंभर माणसं मावतील अशा, लहान बँडना वाजवता येईल अशा खोलीबद्दल कुणी अवाक्षर काढत नाही.

मला ती खोली दिसते, कारण माझा छंद तिथेच राहतो. मी हार्डकोर पंक ऐकतो. नौपाड्यात वाढलेला, सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करणारा, चाळिशी ओलांडलेला माणूस हे सांगतो तेव्हा इथली मराठी मंडळी आधी सहानुभूतीने बघतात आणि मग ‘घरी सगळं ठीक ना?’ असं विचारतात. ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: १९८०च्या सुमारास वॉशिंग्टन, कॅलिफोर्निया, बोस्टन, न्यू यॉर्क इथल्या पोरांनी पंक, हा रॉकचा बंडखोर प्रकार, आणखी वेगवान, आखूड आणि चिडका केला. गाणं दोन मिनिटांत आटोपतं, कधी एका. गिटारवर बोटांची करामत नाही, गाणारा गातो की भांडतो हे ठरवणं कठीण. रेकॉर्ड स्वतः काढायची, पोस्टर स्वतः चिकटवायचं, हॉलची फरशी स्वतः पुसायची.

गेल्या काही वर्षांत या तळघरातून बरंच चांगलं वर आलं आहे. सिडनीच्या ‘स्पीड’ या बँडचा पहिला पूर्ण अल्बम २०२४च्या जुलैत आला. त्यातल्या एका गाण्यात ऐन हाणामारीच्या जागी बासरी वाजते. पाश्चात्त्य, धातूची, पण बासरीच. मी गाडी चालवत होतो, मोठ्याने हसलो. तो गायक एरवी मुलांना बासरी शिकवून पोट भरतो. हे वाक्य मी मुद्दाम लिहितो आहे, कारण ‘यानं पोट भरतं का?’ हा प्रश्न ठाण्यात कुठल्याही वाद्याच्या खरेदीबरोबर मोफत मिळतो. नाही भरत. तिथेही नाही भरत. बहुतेक सगळे दुसरं काही तरी करतात आणि संध्याकाळी हे करतात.

लंडनच्या ‘हाय व्हिस’ने त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये नवा अल्बम काढला. गायक आपल्या मर्सीसाइडच्या हेलातच ओरडतो, विषय कामगार वस्तीतलं मनाचं ओझं, आणि मध्येच एका गाण्यात नाइट क्लबचा ठेका येतो. जुन्या भक्तांनी नाकं मुरडली, मला तोच भाग सर्वांत जास्त आवडला. कॅलिफोर्नियाच्या ‘स्काउल’ने २०२५मध्ये चाली जास्त गोड केल्या आणि ‘विकले गेले’ची ओरड झाली. बाल्टिमोरचा ‘टर्नस्टाइल’ तर आता मोठाच झाला आहे. त्यांचा २०२५च्या जूनमधला अल्बम मला मधल्या भागात जरा सैल वाटला, सिंथेसायझरचे ढग फार. पण तो येण्याआधी त्यांनी आपल्या गावातल्या बागेत फुकट कार्यक्रम केला आणि त्यातून बेघरांच्या दवाखान्यासाठी पैसे उभे केले. कॉन्सर्ट इकॉनॉमीच्या हिशेबात हा कार्यक्रम कुठल्या रकान्यात टाकतील?

यातला प्रत्येक बँड लहान खोल्यांत वर्षानुवर्षं वाजवून इथवर आला. स्टेडियमवर जन्मलेला एकही नाही.

आता ऐरोली. माझा भाचा एकोणीस वर्षांचा आहे, ड्रम वाजवतो. त्याचा चौघांचा बँड रबाळे एमआयडीसीतल्या एका गाळ्यात जॅम करतो. खाली लेथ, वर पोरं. त्यांनी नुकताच चार गाण्यांचा डेमो इंटरनेटवर टाकला. सगळा मिळून सात मिनिटांचाही नाही. शब्द मराठी-हिंदी मिसळलेले, ऐरोलीची पोरं बोलतात तसे. एक गाणं फ्लेमिंगोंवर आहे: पुलाच्या भिंतीवर रंगवलेले गुलाबी पक्षी आणि खाडीकडे वाढत जाणारे टॉवर. त्यात गायकाचा श्वास संपतो आणि शेवटची ओळ अर्धीच राहते. त्यांनी ती तशीच ठेवली, हे मला फार आवडलं. झांजा मात्र पत्र्यावर पाऊस पडावा तशा रेकॉर्ड झाल्या आहेत, हे मी त्याला कळवलंय. मामाचा सल्ला त्याने वाचला आहे, निळ्या खुणा दिसतात.

हा डेमो वाजवायचा कुठे? ठाणे-नवी मुंबईत ज्या जागी बँड वाजतात त्या बहुतेक दारूच्या जागा. महाराष्ट्रात बिअरसाठी एकवीस आणि कडक दारूसाठी पंचवीस वर्षं लागतात, त्यामुळे दारावरचा माणूस एकोणीसच्या पोराला आत सोडत नाही. त्याचे श्रोते तर आणखी लहान. मोठी नावं ऐकायची तर लोअर परळ किंवा खार, आणि परतताना दादर, कुर्ला, मग हार्बर आणि पुढे ट्रान्सहार्बर करत शेवटच्या लोकलशी शर्यत. कार्यक्रम रंगात येतो तेव्हा ही पोरं घड्याळ बघत जिना उतरत असतात.

वॉशिंग्टनच्या पोरांचीही हीच अडचण होती. १९८०मध्ये ‘टीन आयडल्स’ हा अल्पवयीनांचा बँड सॅन फ्रान्सिस्कोला वाजवायला गेला, तेव्हा तिथल्या क्लबने त्यांच्या हातावर मार्करने मोठी फुली मारली: यांना आत घ्या, दारू देऊ नका. पोरांनी ती युक्ती घरी नेली आणि आपल्या गावातल्या क्लबच्या गळी उतरवली. पुढे तीच फुली दारू-सिगरेट न घेणाऱ्यांची खूण झाली. आमच्या ताईला मी हा इतिहास सांगितला तेव्हा ती म्हणाली, “म्हणजे तुमच्यात निर्व्यसनी पण असतात?” असतात, भरपूर.

इथे, लीड्सपासून थोड्याच अंतरावर, ब्रॅडफर्डमध्ये ‘वन इन ट्वेल्व्ह’ (बारांत एक) हा सभासदांनीच चालवलेला क्लब आहे, तिथे असे बँड वाजतात. बेकारभत्ता घेणाऱ्यांपैकी बारांत एक जण सरकारला फसवतो, असं एका सरकारी अहवालाने म्हटलं, तेव्हा १९८१मध्ये बेकार पोरांनी चिडून तेच नाव घेतलं. १९८८पासून त्यांची स्वतःची इमारत आहे. सभासदांची वर्गणी, स्वयंसेवकांचे हात, एका मजल्यावर पुस्तकं. मी पहिल्यांदा तो जिना चढलो तेव्हा मला अगदी घरचं काही तरी आठवलं: १८९३ साली वाचकांच्या वर्गणीवर उभं राहिलेलं ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय. माणसं निराळी, चिवटपणा तोच. तेव्हा ‘हे आपल्या संस्कृतीत बसत नाही’ म्हणणाऱ्यांशी मी फार हुज्जत घालत नाही. दादरच्या छबिलदास शाळेच्या हॉलमध्ये १९७४पासून ‘आविष्कार’ या नाट्यसंस्थेने जे चालवलं, ते लहान खोलीतलंच होतं. तिथलं नाटक आज आपण अभिमानाने सांगतो. तेव्हाही कुणी तरी म्हणालंच असेल की हे काय चाललंय.

आणि मुंबईत हार्डकोर काही कालचं नाही. ‘स्क्राइब’ने २०१०मध्ये तेजाच्या आणि २०१४मध्ये मोगॅम्बोच्या नावाचे अल्बम काढले, म्हणजे हिंदी सिनेमाच्या खलनायकांनाच कामाला लावलं. ‘डेथ बाय फंगाय’, ‘पॅसिफिस्ट’ हेही याच शहराचे. गुणांची वानवा कधीच नव्हती.

वानवा जागेची. तिच्यामागे कायदा आहे, आणि कायद्यामागे खरी पीडा आहे, हे मान्य करायला हवं. २०००च्या ध्वनी नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा. रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्या भोवतीचे शंभर मीटर शांतता क्षेत्र. याच शांतता क्षेत्रामुळे धोबीतलावचं रंगभवन हे खुलं प्रेक्षागृह गप्प झालं, जिथे १९८६पासून ‘इंडिपेंडन्स रॉक’ या महोत्सवाने रॉकवेड्यांच्या पिढ्या घडवल्या. मला त्याचं दुःख आहे. पण ठाण्याचे डॉ. महेश बेडेकर उत्सवांच्या आवाजाविरुद्ध उच्च न्यायालयात गेले आणि २०१६मध्ये त्यावर सविस्तर निकाल आला, तेव्हा माझ्या आईने देवापुढे साखर ठेवली होती. तिला रक्तदाब आहे आणि आमच्या खिडकीखालून मिरवणूक जाते. मी डॉक्टरांच्याच बाजूचा आहे. बंद खोलीतली पोरं ही त्यांची अडचण नव्हेच. भिंतीबाहेर किती आवाज येतो हे मोजता येतं आणि अडवताही येतं. अंड्याचे ट्रे चिकटवून मात्र नाही; त्याने फक्त आतला घुमारा कमी होतो. आवाज अडतो तो जड भिंतीने, दुहेरी दाराने आणि फटी बुजवल्याने.

गंमत अशी की त्याच नियमांत औद्योगिक क्षेत्राला दिवसा ७५ आणि रात्री ७० डेसिबलची मुभा आहे. तुर्भे, महापे, रबाळे, ठाण्यात वागळे इस्टेट: कारखाने उठून गेलेले किंवा अर्धे रिकामे गाळे. आवाजाच्या दृष्टीने याहून सोयीची जागा कुठे असेल? पण तिथे शंभर लोक जमवायचे म्हणजे पोलिसांची परवानगी, अग्निशमनचा दाखला, जागेच्या वापराचा प्रश्न, आणि प्रत्येक टेबलावर ‘आयोजक कंपनीचं नाव काय?’ चौघांच्या बँडला कंपनी नसते. स्टेडियमवाल्याकडे हे सगळं करायला माणसं असतात, मंडळाकडे नगरसेवक असतो.

विलायतेत २०१२च्या लाइव्ह म्युझिक कायद्याने ही गाठ सोडवली. दारूचा परवाना असलेल्या जागेत सकाळी ८ ते रात्री ११ या वेळात, दोनशेपर्यंत श्रोते असतील तर संगीतासाठी वेगळा परवाना लागत नाही. २०१५मध्ये ही मर्यादा पाचशे झाली. शेजाऱ्यांना त्रास झाला तर नगरपालिका येऊन अटी घालू शकते, आगीचे नियम जिथल्या तिथे. २०१८पासून इंग्लंडच्या नियोजन धोरणात आणखी एक गोष्ट आली: आधीपासून चालणाऱ्या संगीताच्या जागेला खेटून नवी इमारत बांधायची तर आवाज अडवण्याची व्यवस्था बांधणाऱ्याने करायची. वागळे इस्टेटच्या आजूबाजूला उगवणारे टॉवर बघता ही कल्पना ठाण्यात कुणी तरी मोठ्याने वाचून दाखवावी.

म्हणून इथे विलायतेत सगळं आलबेल आहे असं नाही. एकट्या २०२३मध्ये ब्रिटनमधल्या १२५ लहान जागांतलं संगीत थांबलं, असं या जागांसाठी काम करणाऱ्या विश्वस्त संस्थेनेच सांगितलं. भाडं, विजेचं बिल, तक्रारी. कायदा मऊ झाला तरी जागेची मालकी ज्यांची नाही ते पहिले उठतात. ब्रॅडफर्डवाले टिकले यात स्वतःच्या इमारतीचा वाटा मोठा आहे. नव्या मुंबईत जमिनीचा भाव बघता पोरांनी इमारत घ्यावी असं म्हणणं म्हणजे क्रूर विनोद. आगीचं भयही खोटं नाही. २०१७च्या डिसेंबरात कमला मिलमध्ये १४ जीव गेले, त्याच्या आदल्याच वर्षी अमेरिकेतल्या ओकलंडमध्ये ‘घोस्ट शिप’ नावाच्या गोदामातल्या कार्यक्रमात ३६. त्यामुळे ‘परवानेच नकोत’ ही आरोळी मला पटत नाही, माझ्या आवडत्या संगीतातली असली तरी. दोन मोकळे दरवाजे आणि माणसांची मोजदाद यात सूट नाही. बाकीचे कागद शंभर माणसांना पेलतील इतकेच असावेत.

जागा मात्र आहेत, पालिकांच्याच. वॉर्डावॉर्डांत समाजमंदिरं आहेत, बहुउद्देशीय हॉल आहेत, बारसं-साखरपुडा नसेल तेव्हा कुलपात. सिडकोने तर बेलापूरला वास्तुविशारद चार्ल्स कोरियांकडून आर्टिस्ट व्हिलेज नावाची वसाहत बांधून घेतली. हे नाव देणाऱ्यांच्या डोक्यात कलाकार होते, एवढं तरी धरून चालू. जवळच अर्बन हाट हा हातमाग-हस्तकलेचा बाजार आहे. तिथे दिवाळीचे कंदील विकले जातात आणि लोककलाही होतात. एखाद्या दुपारी चार अ‍ॅम्प्लिफायर लागले तर हातमागाचा काही अपमान नाही.

दुपारचं म्हणतो त्याला कारण आहे. न्यू यॉर्कच्या ‘सीबीजीबी’ या क्लबमध्ये १९८०च्या दशकात रविवारी दुपारी हार्डकोरची मॅटिनी लागायची. सगळ्या वयांना प्रवेश, संध्याकाळपर्यंत सगळे घरी. आपल्याकडे याने सगळ्याच गाठी सुटतात: रात्री दहाच्या मर्यादेचा प्रश्न नाही, दारू नाही, म्हणून वयाचा प्रश्न नाही, आणि लोकलला गर्दीही कमी. शंभर रुपये तिकीट, दाराशी एक ताई किंवा काका बसलेले, आत पोरं एकमेकांवर आदळतात आणि कुणी पडलं तर चार हात त्याला उचलतात. हे शेवटचं दृश्य पालकांनी एकदा येऊन बघावं, अशी माझी फार इच्छा आहे.

भाच्याने ही कल्पना सोसायटीच्या हॉलसाठी चेअरमनकाकांपुढे मांडली. काकांचा आवाजावर आक्षेप नव्हता, कपड्यांवरही नव्हता. ते म्हणाले, “रविवारी दुपारी? अरे, माणसं जेवून पडलेली असतात.” ताई त्यांच्याच बाजूने. आता बोलणी साडेचार ते साडेसातवर येऊन थांबली आहेत, आणि ड्रमखाली गाद्या घालायची अट आहे.