उंदराचा हिशेब

मराठी तरुणाने नोकरीच्या मागे न लागता धंद्यात उतरावे, असे महाराष्ट्रात आता सगळेच म्हणतात. मतभेद आहे तो उतरणाऱ्याच्या हाती काय द्यावे याविषयी. बहुतेक वेळा त्याला एखादी गोष्ट ऐकवली जाते. उद्योजकता शिबिरांतली भाषणे असोत की घरचे व्हॉट्सॲप गट, एकमेकांना खाली ओढणारे खेकडे आणि मंदीच्या बातमीने बुडालेला वडापाववाला सगळीकडे भेटतात. कोणी म्हणतो, अशा दोन मिनिटांच्या गोष्टींनीच मुले पेटून उठतात. कोणी म्हणतो, हा निव्वळ वेळेचा अपव्यय आहे. मी स्टुटगार्टमध्ये राहते आणि इथे लहान व्यवसाय कसे उभे राहतात हे जवळून पाहते. ते पाहून माझे मत असे झाले आहे की या गोष्टींतून धीर मिळतो, सल्ला मिळत नाही, आणि पहिल्या वर्षी माणूस बुडतो तो सहसा धीर कमी पडल्यामुळे नव्हे.

वडापावची गोष्ट घ्या. गाडीवाल्याचा धंदा जोरात चाललेला असतो. शिकलेला मुलगा घरी येतो आणि मंदी येणार असल्याचे सांगतो. बाप घाबरून बटाटे कमी आणतो, फलक उतरवतो, गिऱ्हाईक तुटते, आणि शेवटी तो म्हणतो की पोरगा हुशार, मंदी खरेच आली. अमेरिकेत हीच गोष्ट हॉट डॉग विकणाऱ्याच्या नावाने सांगतात. तिचा बोध एवढाच की बातम्यांना घाबरू नका. पण गाडीवाल्याचे तेल रोखीचे होते की उधारीचे, हातगाडी स्वतःची होती की भाड्याची, विक्री निम्म्यावर आली तर तो किती दिवस तग धरू शकला असता, यांपैकी काहीच कथेत नाही. खरी मंदी आली असताना याच बोधावर विसंबून दुप्पट माल भरणाऱ्याचे काय होईल, याचे उत्तर देण्याची जबाबदारी गोष्ट सांगणाऱ्यावर कधीच येत नाही.

छोटी गोष्ट मुळातच कुचकामी असते, असे मात्र मी म्हणणार नाही, कारण आपल्याकडेच याहून फार चांगली गोष्ट आहे. अकराव्या शतकात काश्मीरमध्ये सोमदेवाने रचलेल्या कथासरित्सागरात एक निर्धन मुलगा विशाखिल नावाच्या व्यापाऱ्याकडे जातो आणि तिथे पडलेला मेलेला उंदीर भांडवल म्हणून मागतो. व्यापारी हसतो, पण तो उंदीर रीतसर नोंद करूनच दिला जातो. मुलगा तो एका वाण्याला मांजरासाठी विकून दोन ओंजळी हरभरे मिळवतो. ते दळून, पाण्याची घागर घेऊन तो गावाबाहेर चौकात सावलीला उभा राहतो आणि थकून येणाऱ्या मोळीविक्यांना पीठ आणि गार पाणी देतो. ते प्रत्येकी दोन लाकडे देतात. ती विकून तो पुन्हा हरभरे आणतो, असे करत थोडे पैसे साठल्यावर तीन दिवस मोळीविक्यांचे सगळे लाकूड विकत घेऊन ठेवतो. मग पावसाची झड लागते, लाकडाची टंचाई होते आणि साठा चढ्या भावाने जातो. श्रीमंत झाल्यावर तो सोन्याचा उंदीर करून विशाखिलाचे देणे फेडतो. या कथेत उधारीची नोंद आहे, जागेची निवड आहे, नफा पुन्हा धंद्यात घालणे आहे, पावसाळ्यापूर्वीची साठवण आहे आणि परतफेडही आहे. आजच्या बोधकथांनी नेमका हा हिशेब गाळला आणि फक्त माणसाचा स्वभाव शिल्लक ठेवला.

जर्मनीत नवख्याला हा हिशेब आधी मांडावा लागतो. पुण्याहून आलेल्या माझ्या एका मैत्रिणीची नोकरी गेली तेव्हा तिने मराठी जेवणाचे डबे कचेऱ्यांना पुरवायचे ठरवले. बेरोजगार भत्ता मिळणाऱ्याला इथे व्यवसायासाठी अनुदान मागता येते. ते मंजूर झाले तर सहा महिने भत्त्याइतकी रक्कम आणि वर दरमहा 300 युरो मिळतात. मात्र योजना चालण्याजोगी आहे असा जाणकार संस्थेचा दाखला लागतो. सल्लागारासमोर आम्ही बारा महिन्यांचा तक्ता उलगडला. आवक, माल, विमा, घरखर्चाची उचल, असे करत तो ऑगस्टच्या रकान्यावर थांबला आणि म्हणाला, इथे शिल्लक उणे होते. सुट्ट्यांमुळे कचेऱ्या रिकाम्या असतात, डबे कोण घेणार? तिच्या जिद्दीबद्दल त्याने एक शब्दही विचारला नाही. तिने उचल कमी केली, भांड्यांची खरेदी पुढे ढकलली, आणि मगच दाखला मिळाला. या कागदांच्या भीतीने इथले कित्येक जण सुरुवातच करत नाहीत, हेही मी पाहते. त्यांना चौकात घागर घेऊन उभे राहणाऱ्या मुलाची गोष्ट खरोखर उपयोगी पडेल.

महाराष्ट्रातल्या लघुउद्योजकाचे दुखणे वेगळे आहे. ते येणी थकण्याचे आहे. 2006 च्या कायद्याप्रमाणे नोंदणीकृत सूक्ष्म वा लघुउद्योगाचे पैसे खरेदीदाराने लेखी करार असला तरी 45 दिवसांच्या आत द्यायला हवेत, नाहीतर रिझर्व्ह बँकेने जाहीर केलेल्या बँकदराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागते. कागदावर हा कायदा जर्मनीतल्यापेक्षा कडक आहे. तरीही पुढची ऑर्डर जाईल या भीतीने पुरवठादार तोंड उघडत नाही. खेकड्यांची गोष्ट अशा माणसाला सांगते की तुझ्याच लोकांनी तुझा पाय ओढला. त्याचा पाय थकलेल्या बिलात अडकलेला असताना असे सांगणे मला अन्यायाचे वाटते.

लक्ष्मणराव किर्लोस्करांचीही आपण अशीच बोधकथा केली आहे. लोखंडी नांगराने जमीन नासते अशी शेतकऱ्यांची समजूत होती, पहिले नांगर खपायला दोन वर्षे लागली, तरी ते डगमगले नाहीत, इथपर्यंत सगळे सांगतात. बेळगावची जागा सोडावी लागल्यावर औंधच्या राजांनी दिलेली जमीन आणि कर्ज, ज्यांच्या आधाराने 1910 मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली, ते भाषणात एका वाक्यात उरकले जाते. ज्या घरात आधीच्या पिढीने धंदा केलेला नाही, तिथल्या मुलाला नेमके हेच विचारायचे असते की ती दोन वर्षे घर कशावर चालले आणि कर्ज कोणी, कशाच्या भरवशावर दिले. शिबिरांत बोलावल्या जाणाऱ्या यशस्वी उद्योजकांनी आपल्या पहिल्या दोन वर्षांची वही सोबत आणावी, आणि ज्या महिन्यात शिल्लक उणे झाली ते पान उघडून तिथून बोलायला सुरुवात करावी.