लिंकनचं डोकं दिसता कामा नये

अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात गाडीवाल्याला लपवाछपवी करता येत नाही. समोरच्या काचेच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात एक स्टिकर असतं आणि त्यावर महिन्याचा आकडा इतका ठसठशीत छापलेला असतो, की समोरून येणाऱ्या पोलिसाला डोळे बारीक करावे लागत नाहीत. तो महिना संपायच्या आत गाडी गॅरेजमध्ये न्यायची, तपासून घ्यायची, ३५ डॉलर मोजायचे आणि पुढच्या वर्षाचं स्टिकर लावून यायचं. नवी कोरी गाडी घेतलीत म्हणून सूट नाही; नोंदणी झाल्यापासून सात दिवसांत हजर व्हायचं.

आकडा वर्षभर सगळ्या गावाला दिसत असतो, तरी महिन्याच्या शेवटच्या शनिवारी गॅरेजबाहेरची रांग रस्त्यावर येते. वीजबिल शेवटच्या तारखेला भरणाऱ्या घरात वाढल्यामुळे मला तिथे अगदी माहेरी आल्यासारखं वाटतं. रांगेतला प्रत्येक जण शेजारच्या काचेवर ‘आर’ दिसतोय का, ते हळूच बघत असतो. आर म्हणजे रिजेक्टेड. त्यातही रंग दोन. धुरात नापास झालात तर लाल आर, ब्रेक-टायर-दिव्यांत नापास झालात तर काळा. लाल आरवाला दुरुस्तीच्या मुदतीत, म्हणजे साठ दिवस, तोंड वर करून फिरू शकतो. काळ्या आरवाल्याने दुरुस्ती होईपर्यंत गाडी रस्त्यावर आणायचीच नाही. त्यामुळे लाल आरवाले काळ्याकडे जरा वरून बघतात.

आमचा मेकॅनिक मितभाषी आहे. मला आत बसवतो, स्वतः गाडीपुढे उभा राहतो आणि हुकूम सोडतो: लेफ्ट, राइट, हाय बीम, वायपर. मग मागे जातो: ब्रेक, रिव्हर्स. शेवटी हॉर्न. या हॉर्नची मी वर्षभर वाट बघतो. महाराष्ट्रात गाडी शिकलेल्या माणसाचा अर्धा संवाद हॉर्नमधून चालतो आणि या देशात येऊन तो मुका होतो. इथे उगाच हॉर्न वाजवला तर पुढचा माणूस खाली उतरून विचारपूस करायला येईल, अशी धाकधूक असते. वर्षातून हा एकच क्षण असा, की सरकार स्वतःहून म्हणतं, वाजव. मी मन लावून वाजवतो. मेकॅनिकला एक ‘पीं’ पुरतं, पण तो थांबवेपर्यंत मी वाजवतो.

मग टायर. टायरवरच्या खाचा किती खोल उरल्यात हे मोजायला त्याच्याकडे गेज असतं, पण घरच्या घरी बघायचं तर एक सेंटचं नाणं पुरतं. नाण्यावरच्या अब्राहम लिंकनला उलटा करून, डोकं खाली करून खाचेत घालायचा. त्याच्या डोक्याचा वरचा भाग खाचेत बुडाला तर टायर बरा आहे. पूर्ण डोकं दिसलं तर टायर संपला. देश एकसंध ठेवणाऱ्या राष्ट्राध्यक्षावर ही वेळ यावी याचं कोणाला काही वाटत नाही. त्याहून मला खटकतो तो नियमातला आकडा. खोली किमान २/३२ इंच हवी. २/३२! अपूर्णांक अतिसंक्षिप्त रूपात न लिहिल्याबद्दल पाचवीत अर्धा मार्क गमावलेल्या माणसाने हे कसं सहन करायचं? मी एकदा मेकॅनिकला म्हटलं, “म्हणजे एक सोळांश ना?” तो म्हणाला, “नाही, दोन बत्तीसांश.” विषय संपला.

टायर चांगले निघाले. अडकलं ते नंबर प्लेटवरच्या दिव्याशी. मागच्या पाटीच्या डोक्यावर करंगळीच्या पेराएवढा एक बल्ब असतो. गाडी इतकी वर्षं घरात आहे, पण या सदस्याची आमची ओळखच नव्हती. चांगली बाजू ही, की तो बल्ब मेकॅनिकने खिशातून काढून तिथल्या तिथे बसवला. बायको म्हणाली, “अरे, हा दिवा आपल्याला दिसण्यासाठी नाही, आपण पोलिसाला दिसण्यासाठी आहे. म्हणजे आपल्या पैशाने आपणच पकडले जायची सोय.”

यापुढचा भाग खरा जिव्हारी लागला. स्टिअरिंगच्या खाली एक प्लग असतो, १९९६ पासूनच्या गाड्यांना तो असावाच लागतो. त्यात वायर जोडली की गाडीचा संगणक मशीनशी बोलतो आणि आपल्या धुराची सगळी कुंडली सांगतो. आमच्या गाडीने सांगितलं, नॉट रेडी. कारण आदल्याच आठवड्यात आम्ही शहाण्यासारखी नवी बॅटरी बसवली होती. बॅटरी काढली की संगणकाची आठवण पुसली जाते आणि इंजिन, धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, टाकीतल्या वाफा यांची तपासणी त्याला नव्याने करावी लागते. ‘चेक इंजिन’चा दिवा तपासणीपुरता पुसून आणणाऱ्या बहाद्दरांना पकडण्यासाठी ही युक्ती आहे आणि ती उत्तम आहे. फक्त तिला बहाद्दर आणि बॅटरीवाला यातला फरक कळत नाही.

मेकॅनिक म्हणाला, “चालवून आण.” किती? “रेडी होईपर्यंत.” कसं चालवायचं याचंही शास्त्र आहे. गाडी रात्रभर गार पडलेली हवी. सुरू करून थोडा वेळ जागीच ठेवायची. मग हायवेवर एकाच वेगाने जायचं, मग ब्रेक न लावता नुसता पाय काढून वेग उतरू द्यायचा. टाकी काठोकाठ नको आणि रिकामीही नको. रविवारी सकाळी आम्ही हे व्रत घेतलं. बायकोने थर्मासमधून चहा घेतला होता.

“कुठे चाललोय?”

“कुठेच नाही.”

“मग ओव्हरटेक का नाही करत?”

“वेग बदलायचा नाहीये.”

मागचा ट्रक आम्हाला चिकटला. एक्झिट आला, मी ब्रेकला पाय न लावता वेग उतरण्याची वाट बघत बसलो आणि ट्रकवाल्याने त्या दिवशी आमच्या वाट्याचा हॉर्न वाजवून घेतला. सोमवारी गाडी रेडी झाली.

हे सगळं मी टेक्ससमधल्या मित्राला फोनवर सांगितलं. त्याने हसून घेतलं. त्यांच्याकडे १ जानेवारी २०२५ पासून खासगी गाड्यांची सुरक्षा तपासणी बंद झाली आहे. मोठ्या शहरांच्या कौंटींमध्ये, म्हणजे जिल्ह्यांमध्ये, धुराची तेवढी राहिली, आणि तो राहतो तिथे तीही नाही. “आमच्या सरकारचा माणसावर विश्वास आहे,” तो म्हणाला. मी विचारलं, फी? तो जरा थांबला. साडेसात डॉलर अजून नोंदणीबरोबर घेतातच. तिचं नाव आता ‘इन्स्पेक्शन प्रोग्रॅम रिप्लेसमेंट फी’. म्हणजे तपासणी होत नाही याचे पैसे. मग हसायची पाळी माझी.

पण आकडे त्याच्या बाजूने आहेत, हे कबूल करायला हवं. १९६६च्या कायद्यानंतर फेडरल, म्हणजे केंद्र सरकारने राज्यांना दम दिला होता, की गाड्या तपासा नाहीतर रस्त्यांचा पैसा कापू. १९७६ मध्ये काँग्रेसने, म्हणजे इथल्या संसदेने, तो दम काढून घेतला आणि राज्यं एकेक करून गळाली. फ्लोरिडाने तपासणी सोडली, युटाने सोडली. कॅलिफोर्नियात तर धूर सोडून काही बघतच नाहीत. २००५ ते २००७ या काळात महामार्ग सुरक्षा खात्याने अपघातांचा कसून अभ्यास केला, त्यात अपघाताआधीचं निर्णायक कारण ९४ टक्के वेळा चालकाकडे निघालं आणि गाडीकडे फक्त दोन टक्के वेळा. त्या हिशेबाने दरवर्षी वायपर कोणाचे हलवून बघायला हवेत हे उघड आहे. बायकोने तो कागद माझ्यासमोर धरला होता.

तरीही मी तपासणीच्या बाजूने आहे. त्या दोन टक्क्यांत टायर आणि ब्रेकच पुढे आहेत, आणि त्याच दोन गोष्टींकडे माणूस आपणहून कधी बघत नाही. २०१५ साली सरकारी लेखापरीक्षकांनीही या प्रश्नात हात घातला. तपासणीमुळे अपघात कमी होतात हे त्यांना ठामपणे म्हणता आलं नाही. पण पेनसिल्वेनियात एका वर्षात पाच लाखांहून जास्त गाड्या नापास होऊन दुरुस्त झाल्या, हेही त्याच अहवालात आहे. त्यातली एखादी माझ्या मागे ब्रेक दाबत असणार. ३५ डॉलरला हे महाग नाही.

माझी तक्रार वेगळीच आहे. तपासणारा आणि दुरुस्त करणारा एकच असतो. मेकॅनिक चाकाआड वाकतो, टॉर्च मारतो आणि म्हणतो, “ब्रेकचे पॅड आज पास आहेत...” या ‘आज’नंतरच्या शांततेची किंमत किमान दोनशे डॉलर असते. तो खरं बोलत असेल. बहुधा बोलतोच. पण मला ते कळायला मार्ग नाही आणि त्याला ते ठाऊक आहे.

यावर तोडगा न्यू जर्सीकडे आहे. तिथे सरकारची स्वतःची केंद्रं आहेत. तपासणी फुकट, दुरुस्तीचा धंदा नाही, त्यामुळे तपासणाऱ्याला तुमच्या पॅडमध्ये काडीचा रस नाही. आदर्श व्यवस्था. फक्त २०१० पासून त्यांनी साध्या मोटारींचे ब्रेक, टायर, दिवे बघणं सोडलं; आता तिथे धूर तेवढा बघतात. ब्रेक गेलेली गाडीसुद्धा तिथे रीतसर पास होऊ शकते. रांगेत पुढच्या गाडीच्या अलीकडे थांबता आलं पाहिजे, एवढंच.