काका, आवाजाबद्दल तुमचं म्हणणं बरोबर आहे

नमस्कार काका. तुम्ही एक स्टार देऊन लिहिलंय: “दुप्पट पैसे घेऊन डबल काचेच्या खिडक्या बसवल्या. रात्री ट्रकचा आवाज जसाच्या तसा, पश्चिमेच्या खोलीत दुपारी भट्टी, आणि हॉलच्या काचेत धुकं. शुद्ध फसवणूक.” हे वाचून गुरुवारी रात्री अकराला मी तुमच्याकडे आलो, ते तुम्हाला माहीतच आहे. जे दिसलं ते इथेच लिहितो, कारण तक्रार तुम्ही चारचौघांत केलीय आणि साताऱ्यात महामार्गाकडेला घर बांधणारे बरेच जण ती वाचत असतील.

आधी आवाजाचं. “खिडकी लावली की आवाज येणार नाही” हे वाक्य ऑर्डर घेताना मी स्वतः बोललो होतो. तसं बोलायला नको होतं. मी खिडक्यांची मापं घेतली, रंग विचारला, जाळी विचारली. पण आवाज कुठून येतो आणि कसला येतो, हे विचारलं नाही. चूक माझी आहे.

तुमच्या बेडरूमला ५ मिमीच्या दोन सारख्या काचा आहेत, मध्ये १२ मिमी हवा. उष्णतेसाठी हे माप उत्तम. काचेपेक्षा स्थिर हवा उष्णता जवळजवळ चाळीस पटीनं कमी वाहते, म्हणजे खरं काम ती बंद हवाच करते. फट १६ मिमीच्या पुढे नेली की आतली हवा फिरायला लागते आणि फायदा वाढायचा थांबतो. आवाजाचं गणित मात्र वेगळं आहे. दोन काचा आणि मधली हवा म्हणजे दोन वजनं आणि त्यांच्यामध्ये एक स्प्रिंग. फट अरुंद असली की स्प्रिंग कडक होते, आणि तुमच्या मापाची जोडी साधारण २०० हर्ट्झच्या आसपास, म्हणजे सेकंदाला दोनशेएक वेळा, एकत्र थरथरते. चढावर गिअर टाकलेल्या ट्रकची घरघर याच खालच्या पट्टीत असते. म्हणून बोलण्याचा आवाज, पोरांचा आरडाओरडा बराच तुटतो आणि ट्रक मात्र उशाशी आल्यासारखा वाटतो. त्यात दोन्ही काचा एकाच जाडीच्या, म्हणजे ज्या पट्टीचा आवाज अडवायला एक कमी पडते तिथेच दुसरीही पडते. तुम्हाला ऐकू येत होतं ते खरंच होतं, भास नव्हता.

दुसरं कारण स्लायडिंग. देवघरातली उदबत्ती आणून आपण दोन शटर जुळतात तिथे धरली, तेव्हा धूर आत वळताना तुम्हीही पाहिलात. स्लायडिंगला ब्रशची पट्टी असते. शटर सरकायला हवं म्हणून ती घट्ट दाबून बसत नाही. खिडकीच्या क्षेत्रफळाचा शंभरावा भाग जरी उघडा राहिला, तरी कितीही भारी काच घाला, सगळी मिळून २० डेसिबलच्या वर आवाज अडवू शकत नाही. आपण त्या जोडावर आणि खालच्या ट्रॅकवर मास्किंग टेप लावला, तेव्हा काकूंनी आतल्या खोलीतून “आता कमी झालं” म्हणून सांगितलं. माझ्या मोबाइलच्या मीटरपेक्षा मला त्यांच्या कानाचा भरवसा जास्त वाटतो.

आता यावर उपाय. आहे ती खिडकी काढायची नाही. तुमची भिंत नऊ इंची आहे, ग्रिल बाहेरून आहे, म्हणजे आतल्या बाजूला जागा मिळते. तिथे साधारण १०० मिमी अंतर सोडून ६ मिमी काचेची आत उघडणारी शटरं बसवू, चारी बाजूंनी दाबून बसणाऱ्या रबरी गॅस्केटसह. एवढ्या रुंद फटीत स्प्रिंग सैल पडते आणि थरथरण्याची पट्टी ट्रकच्या घरघरीच्या बरीच खाली जाते. महामार्गाकडच्या दोन्ही बेडरूमचं हे काम आमच्या खर्चानं होईल. आवाज पूर्ण बंद होईल असं या वेळी मी म्हणणार नाही. हॉर्न ऐकू येईल, घरघर बरीच बसेल. आणि रात्री वारा हवा म्हणून शटर उघडलंत, तर आवाजही येणारच.

हॉलच्या काचेचं धुकं बाहेरूनही पुसलं जात नाही आणि आतूनही नाही, म्हणजे ते दोन काचांच्या मध्ये आहे. कडेचं सील सुटलंय आणि स्पेसरमधली, म्हणजे दोन काचांत अंतर ठेवणाऱ्या कडेच्या पट्टीतली, ओल शोषणारी खडी भरून गेलीय. खालचा ट्रॅक उघडला तर पाणी जायची भोकं सिमेंटनं बुजलेली निघाली. पावसाळाभर पाणी तुंबून काचेची कड त्यात बुडून राहिली. भोकं मोकळी आहेत का, हे गवंड्याचं काम संपल्यावर आमच्या माणसानं तपासायला हवं होतं. ही काच वॉरंटीत बदलून मिळेल, भोकं आम्ही साफ केली आहेत. बेडरूमच्या काचेवर पहाटे दिसतं ते मात्र दव आहे, बाहेरच्या अंगाला. घरातली ऊब बाहेरच्या काचेपर्यंत पोचत नाही म्हणून ती गार राहते आणि दव धरते. त्याची काळजी करू नका.

पश्चिमेच्या खोलीबद्दल मात्र माझं मत वेगळं आहे. डबल काच अडवते ती हवेतली उष्णता. ऊन थेट काचेवर पडलं की ते किरणांनी आत येतं; साध्या एका काचेतून उन्हाची ८० टक्क्यांच्या आसपास उष्णता आत येते, तर साध्या डबल काचेतूनही ७० टक्के. उन्हाची उष्णता अडवणारी कोटिंगवाली काच घ्या, असं मी तेव्हा सुचवलं होतं, तुम्ही खर्चामुळे नको म्हणालात, आणि ते समजण्यासारखं होतं. शिवाय ती खोली वरच्या मजल्यावर आहे. स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री उशिरापर्यंत खाली उष्णता सोडत राहतो. त्याला खिडकी काही करू शकत नाही. नवी काच घेण्याआधी त्या खिडकीला बाहेरून बांबूची चिक लावून बघा. आतला पडदा ऊन घरात शिरल्यावर ते धरतो, चिक ते बाहेरच थांबवते. तिरप्या उन्हाला छज्जाचा उपयोग होत नाही.

दुप्पट पैशांत काय मिळालं, तेही सांगायला हवं. तुमची सहा बाय साडेतीन फुटांची खिडकी म्हणजे जवळपास २ चौरस मीटर. डिसेंबरच्या रात्री बाहेर १२ अंश आणि घरात २४ असेल, तर एका काचेतून सुमारे १४० वॅट उष्णता बाहेर गेली असती. तुमच्या काचेतून ६७ च्या आसपास जाते. थंडीत त्या काचेला हात लावून बघा आणि जिन्याच्या जुन्या एकेरी काचेलाही लावा. उन्हाळ्यात एसी चालू असताना बाहेरच्या गरम हवेलाही तोच अडसर असतो.

रविवारी सकाळी दहाला मी स्वतः माप घ्यायला येतो. तोपर्यंत बेडरूमचा टेप काढू नका, आणि बेडच्या बाजूच्या एसीच्या पाइपचं भोकही बघून ठेवा. परवा मला ते अर्धवटच बुजवलेलं दिसलं. तिथूनही आवाज येत असेल, तर त्याच दिवशी भरून घेऊ.