‘ए.ए.च्या मीटिंगा खेड्यातल्यांसाठी नसतात’ हा मेसेज का चुकीचा आहे

गावागावांतल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज फिरतो आहे. त्याचा सारांश असा: अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, म्हणजे ए.ए., या दारू सोडू पाहणाऱ्यांच्या संघटनेच्या मीटिंगा शहरातल्या शिकलेल्यांच्या असतात. फी भरा, सगळ्यांसमोर पापं कबूल करा, मग गावभर बोभाटा. एकदा जाऊन पाहिलं, काही होत नाही. मर्द असाल तर मन घट्ट करा आणि उद्यापासून बंद.

शेवटचं वाक्य आधी घेतो, कारण त्यानं जीव जाऊ शकतो. जो सकाळी उठल्याबरोबर घेतो, पव्व्याशिवाय ज्याचे हात थरथरतात, त्यानं घरच्या घरी एकदम बंद करू नये. शेवटच्या घोटानंतर ६ ते २४ तासांत थरथर, घाम, उलट्या सुरू होतात. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसात भास होतात, घरचीच माणसं ओळखू येत नाहीत. मग ‘बाहेरचं लागलं’ म्हणून भगताकडे नेतात आणि मोलाची वेळ तिथंच जाते. फिट किंवा भास दिसला की १०८ ला फोन करा. त्याआधीच उपजिल्हा किंवा जिल्हा रुग्णालयात जाऊन रोज किती पव्वे, मोहाची असेल तर किती ग्लास, हे खरं सांगितलं तर सर्वांत बरं. अशा माणसाला ग्लुकोजच्या सलाइनआधी थायमिन, म्हणजे बी-१, द्यायचं असतं. दारूचं लपवलं तर ते राहून जातं. मीटिंग ही या उपचाराच्या जागी नाही, त्याच्या जोडीला आहे.

फी नसते. शेवटी एक डबा फिरतो, जमेल ते टाका, नाही टाकलं तरी चालतं. सभासद व्हायला अट एकच, दारू सोडायची इच्छा. शिक्षण कोणी विचारत नाही. आणि शहराचंच म्हणाल तर, अमेरिकेतल्या अ‍ॅक्रनला ए.ए. सुरू झाली ते १९३५ साल, त्याच वर्षी तुकडोजी महाराजांनी मोझरीला गुरुकुंज आश्रम काढला. संध्याकाळी प्रार्थनेला सगळ्यांनी एकत्र बसणं विदर्भाला काही परकं नाही.

बोभाट्याची भीती मात्र खोटी नाही. गावच्या एस.टी.त कोण चढलं हे सगळ्यांना दिसतं. म्हणून आपल्या तालुक्याची मीटिंग सोडून शेजारच्या तालुक्याची धरा, शक्यतो बाजाराच्या दिवशीची. त्या दिवशी कुठं चालला हे कोणी विचारत नाही. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे, त्यामुळे तिथं ‘पितो’ म्हणायची धास्ती वेगळीच. पण मीटिंगमध्ये पूर्ण नाव सांगावं लागत नाही, पहिलं नाव पुरतं. बोलायचीही सक्ती नाही. ‘मले बोलाचं नाही, आयकाले आलो’ एवढं म्हटलं की झालं.

आता ‘एकदा गेलो, काही नाही’. हा सर्वांत जास्त नुकसान करणारा मुद्दा आहे. प्रत्येक ग्रुपचा स्वभाव वेगळा असतो. कुठं सगळे हिंदीत बोलतात, कुठं सगळे निवृत्त नोकरदार, कुठं एकही बाई नसते. दोन वेगवेगळ्या ग्रुपमध्ये मिळून निदान सहा मीटिंगा बसल्याशिवाय निर्णय करू नका. आधी फोनवर विचारा: मीटिंग खुली आहे की बंद? खुलीत बायको किंवा भाऊ सोबत बसू शकतो, बंद मीटिंग फक्त दारू सोडू पाहणाऱ्यांची असते. बोलणं मराठीत होतं का? सुटते किती वाजता? शेवटची गाडी सातची आणि मीटिंग साडेसातला सुटणार असेल, तर दुसऱ्याच आठवड्यात येणं बंद पडतं.

मीटिंगमध्ये देवाचा, मोठ्या शक्तीचा उल्लेख येतो, त्यानं काही जण अवघडतात, विशेषतः बौद्ध घरातले. त्या शब्दाचा अर्थ ज्यानं त्यानं लावायचा असतो, कोणी त्या ग्रुपलाच ती मोठी शक्ती मानतो. पण तिथं कोणी डॉक्टरांच्या गोळ्या बंद करायला सांगितलं किंवा उसने पैसे मागितले, तर तो ग्रुप सोडा, मीटिंगा सोडू नका.

काही होत नाही, हेही खरं नाही. कोक्रेन ही उपचारांवरचे अभ्यास एकत्र तपासणारी संस्था. तिच्या २०२० च्या आढाव्यात २७ अभ्यास आणि १०,५६५ माणसं होती. दारूपासून पूर्ण दूर राहण्यात ए.ए.शी जोडून देणारे उपचार इतर उपचारांच्या बरोबरीचे किंवा सरस ठरले. बहुतेक अभ्यास अमेरिकेतले आहेत, हे लक्षात ठेवूनच हा आधार घ्यावा.

जवळपास ग्रुपच नसेल तर? १४४४६ या व्यसनमुक्ती हेल्पलाइनवर विचारा, फोनवरच्या ऑनलाइन मीटिंगा शोधा. घरात बोलता येत नसेल तर रेंज मिळेल त्या धुऱ्यावर बसा. आणि सोडू पाहणारे दोघं-तिघं एकत्र आले तरी ग्रुप होतो. वार आणि वेळ पक्की ठेवा, तासाभरात संपवा, कोणी प्यायलेला आला तर ऐकू द्या पण बोलू देऊ नका. जागा शाळेची किंवा समाजमंदिराची घ्या, पुढाऱ्याच्या ओसरीवर नको. उद्घाटनाचा फोटो निघाला की ज्याला खरी गरज आहे तोच पहिल्यांदा यायचा थांबतो.