ते गोखले आपले नव्हेत!

'मायाबाजार' (1957) या तेलुगू चित्रपटाविषयीच्या तुमच्या लेखात त्याचे कलादिग्दर्शक 'मराठमोळे गोखले' असे लिहिले आहे, ते चूक आहे. त्यांचे नाव माधवपेद्दी गोखले. तेलुगू रीतीप्रमाणे घराण्याचे नाव आधी येते. त्यामुळे माधवपेद्दी हे आडनाव आणि गोखले हे नाव! हैदराबादला नोकरीत असताना मीही श्रेयनामावलीत ते वाचून हरखलो होतो. शेजारच्या आजोबांनी समजावले की हे तेलुगू लेखक-चित्रकार, कथाही लिहायचे.

त्यांच्या कामाबद्दल मात्र लेखात एक ओळही नाही, याचे जास्त वाईट वाटले. दिव्यांनी उजळलेली द्वारका पडद्यावर दिसते, ती मद्रासमध्ये 50 बाय 60 फुटांच्या जागेत सुमारे 300 चिमुकली घरे बांधून उभारली होती. गोखले, त्यांचे जोडीदार कलाधर आणि छायालेखक मार्कस बार्टली या तिघांच्या देखरेखीखाली ते काम झाले. संगणक नसताना! सगळे श्रेय एकट्या कॅमेऱ्याला देऊ नका. दुरुस्ती करताना कलाधर यांचे नावही जरूर घाला.