फार्मसी हा नाइलाज नव्हे
‘नीट’मध्ये गुण कमी पडले तर फार्मसी घ्यावी, हा आपण छापलेल्या लेखातील सूर मला पटला नाही. लातूरला बारावी झालेल्या पुतणीचा अर्ज भरण्याआधी मी तिला गल्लीतल्या मेडिकलवर नेले. तिथे एका आजींनी बरे वाटते म्हणून रक्तदाबाची गोळी बंद केल्याचे सांगताच फार्मासिस्टने त्यांना समजावले आणि पाकिटावर सूर्य-चंद्र काढून वेळा लिहून दिल्या. हे काम दुय्यम कसे? डी.फार्म. (फार्मसीची पदविका) २ वर्षांचे, बी.फार्म. (पदवी) ४ वर्षांचे, मात्र डी.फार्म.नंतर बी.फार्म.च्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो, हे पालकांना सांगायलाच हवे. महाविद्यालयाला फार्मसी कौन्सिल ऑफ इंडियाची मान्यता आहे का, हे शुल्क भरण्यापूर्वी तपासावे, कारण त्याविना १९४८ च्या फार्मसी कायद्याखालील फार्मासिस्ट म्हणून नोंदणी अडते.